जीवकाच्या नावाचे चूर्ण

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलची जी रांग लागते, तिच्यात मागच्या खेपेला एक स्टॉल पाहिला. मागे निळे कापड, वर जीवकाचे चित्र, खाली फ्लेक्स : "बुद्धकालीन औषध. शुगर मुळापासून बंद. साइड इफेक्ट नाही." प्लास्टिकच्या डब्यात खाकी रंगाचे चूर्ण. मी विचारले, यात काय काय आहे? विक्रेता म्हणाला, "बावीस जडीबुटी आहेत ताई, शंभर टक्के नॅचरल." कोणत्या बावीस, ते डब्यावर नव्हते. परवाना क्रमांकही नव्हता. तसे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "जीवकाकडे कुठे लायसन होतं? घ्या, आपल्याच माणसाचं आहे."

या दोन वाक्यांनी मला वर्षभर सोडलेले नाही. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या एका काकूंनी साखरेच्या गोळ्या बंद करून चार महिने असलेच एक चूर्ण घेतले होते. ते आपल्या माणसाचे नव्हते, टीव्हीवरच्या जाहिरातीतले होते. पायाला चप्पल लागून जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली. काकू चार घरची धुणीभांडी करत होत्या, आता दोनच घरची करतात. तेव्हा मी वस्तीत बसून भगव्या वस्त्रातल्या बाबांवर तावातावाने बोलले होते. निळ्या कापडासमोर मात्र माझी जीभ जड झाली, हे कबूल करते. म्हणून हा लेख. बाजारात जे इतिहासाच्या नावाने विकले जाते ते इतिहासानेच तपासायचे.

जीवकाची गोष्ट विनयपिटकातल्या महावग्गात, चीवराच्या प्रकरणात येते. राजगृहातल्या सालवती नावाच्या गणिकेचा तो मुलगा. जन्मताच सुपात घालून कचऱ्याच्या ढिगावर टाकलेला. राजपुत्र अभयाला तो सापडला. मूल जिवंत आहे का, असे त्याने विचारले आणि लोकांनी जिवंत आहे म्हटले, म्हणून नाव जीवक. ज्याला कुळ नाही, गोत्र नाही, बापाचे नाव नाही, असा हा मुलगा पुढे बिंबिसाराचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य होतो. आपल्याला तो जवळचा वाटतो तो याच कारणाने, आणि ते कारण खरे आहे.

पण मग गोष्ट पुढेही वाचू. जीवक तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे शिकला. मग त्याने आचार्यांना विचारले की या विद्येचा शेवट कधी? आचार्यांनी हातात कुदळ दिली आणि सांगितले, तक्षशिलेच्या चहूबाजूंना एक योजनभर फिर आणि जे औषधी नाही असे काही दिसले तर घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. ही गोष्ट आपल्याकडे भाषणात नेहमी सांगितली जाते आणि तिचा अर्थ 'निसर्गात सगळे औषधच आहे' असा लावला जातो. तिथेच घोळ होतो. जीवकाने एक योजनाच्या परिघातली प्रत्येक वनस्पती थांबून ओळखली, तिचा उपयोग त्याला सांगता आला, म्हणून तो उत्तीर्ण झाला. ती परीक्षा ओळखीची होती. स्टॉलवाल्याला बावीस नावेही सांगता आली नाहीत. जीवकाकडे लायसन नव्हते खरे, पण सात वर्षांचे शिक्षण आणि पायाखाली घातलेले योजनभर रान होते.

आणखी एक गोष्ट. विनयात जीवकाने बरे केलेल्या रुग्णांची यादीच आहे. साकेतच्या श्रेष्ठीच्या बायकोची सात वर्षांची डोकेदुखी, बिंबिसाराचे भगंदर, राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्यावरची शस्त्रक्रिया, वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या आतड्याला पडलेली गाठ, उज्जैनीच्या चंडप्रद्योताची कावीळ. मधुमेह त्यात नाही. आणि साकेतच्या त्या बाईला नाकातून जे तूप दिले त्यात 'निरनिराळी औषधे' शिजवली होती एवढेच ग्रंथ सांगतो, कोणती ते सांगत नाही. म्हणजे जीवकाचे म्हणून जे सूत्र डब्यात भरले आहे, ते विनयात शोधूनही सापडणार नाही.

वनस्पतींची नावे हवी असतील तर ती त्याच महावग्गाच्या सहाव्या प्रकरणात आहेत, त्याचे नावच भेसज्जक्खंधक. श्रावस्तीला शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, खाल्लेले टिकेना, तेव्हा बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घ्यायला परवानगी दिली. मग गरजेनुसार यादी वाढत जाते : मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा, पानांमध्ये कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस, फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा, शिवाय हिंग आणि निरनिराळी मिठे. वाचताना आजीच्या बटव्याची आठवण येते. आज ज्याला सरसकट 'ऋषिमुनींची देणगी' म्हटले जाते त्यातला मोठा भाग भिक्खूंच्या आजारपणाच्या नोंदीत असा आहे, तोही मंत्राशिवाय : या भिक्खूला हा त्रास झाला, त्याला हे दिले. साठवणीचाही नियम आहे. एका विहारात भक्तांनी दिलेली तूप-तेलाची भांडी साठून गळू लागली, उंदीर झाले, लोक नावे ठेवू लागले. तेव्हा ही पाच औषधे सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत असे ठरले. हा नियम मुळात साठेबाजीविरुद्ध होता, पण औषधाला मुदत असते हे त्यातून संघाच्या अंगवळणी पडले असेल.

इथे एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? आपण गोमूत्रावर विनोद करतो. पण भिक्खूच्या चार आधारांपैकी औषधाचा जो आधार आहे तो 'पूतिमुत्त', म्हणजे मूत्रापासून केलेले औषध. सर्पदंशावर शेण, मूत्र, राख आणि माती देण्याची परवानगी याच प्रकरणात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी माणसांना जे ठाऊक होते त्यावर ते चालले होते. आज साप चावलेल्या माणसाला विनयात आहे म्हणून राख चारणारा बौद्ध आणि वेदात आहे म्हणून मंत्र टाकणारा मांत्रिक, यांत रुग्णाच्या दृष्टीने काहीच फरक नाही.

विनयातले कोणते औषध आज चालेल हा वैद्यकाचा प्रश्न आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो संयुत्तनिकायातला मोलियसीवक या परिव्राजकाशी झालेला संवाद. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्माने होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, यावर आपले मत काय, असे सीवक विचारतो. बुद्ध आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, तिघांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात, आणि कर्मविपाक. सगळे पूर्वकर्मानेच होते म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि जगात मान्य असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असा त्यांचा निष्कर्ष. आजार पापाचे फळ नसेल तरच औषधाला जागा राहते. प्रायश्चित्त, शांत आणि होम यांच्या बाजाराला हे परवडणारे नव्हते.

आता पलीकडची बाजू. तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य असूनही अपवित्र ठरतात, कारण ते माणसांत वावरतात. म्हणून ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असे तिथे सांगितले आहे. मनुस्मृती वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून बाहेर काढते आणि वैद्याच्या घरचे अन्न पुवासारखे मानते. रक्त, पू, मळ, सगळ्या जातींच्या अंगांना हात लावणारा माणूस सोवळ्यात बसत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली 'सायन्स अँड सोसायटी इन एन्शंट इंडिया' या पुस्तकात हा संघर्ष विस्ताराने मांडला. पुढे १९९१ मध्ये केनेथ झिस्क यांनी वैद्यकाची ही अनुभवाधिष्ठित परंपरा श्रमणांच्या, विशेषतः बौद्ध विहारांच्या आश्रयाने वाढली असे म्हटले. झिस्क यांचे मत सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण मनूचा तो श्लोक कोणी पुसू शकत नाही. ज्या धंद्याला मनूने विटाळ म्हटले त्याचाच आज 'सनातन विज्ञान' म्हणून उदोउदो होतो, हा इतिहासाने केलेला विनोद आहे.

चरकसंहितेकडे मात्र आपण रागाने पाहू नये, असे मला वाटते. तिच्यावर ब्राह्मणी पुटे चढली आहेत, पण पुटाखाली काय आहे ते बघा. दैवावर विसंबणारी चिकित्सा आणि युक्तीवर विसंबणारी चिकित्सा असा फरक ती करते. अमुक विकारांत गोमांस हितकर, असे तिच्या अन्नपानाच्या अध्यायात सांगितले आहे. हा अध्याय आयुर्वेदाचा अभिमान मिरवणाऱ्या सरकारांनी जरूर वाचावा. आणि पहिल्याच अध्यायात, वनस्पतींची नावे आणि रूपे कोणाला ठाऊक असतात याचे उत्तर दिले आहे : शेळ्या राखणाऱ्यांना, मेंढपाळांना, गुराख्यांना आणि इतर वनवासी लोकांना. लगेच पुढे बजावले आहे की नुसते नाव-रूप कळून भागत नाही. कोणाला, कधी, किती द्यायचे हे जाणणारा तो खरा जाणकार. माहीत नसलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, आगीसारखे, विजेसारखे. नीट वापरले तर जहाल विषही औषध होते आणि चुकीचे वापरले तर औषधच विष. 'आयुर्वेदिक आहे, नुकसान तर होणार नाही ना' हे वाक्य आज घराघरात ऐकू येते. ते चरकाच्या विरोधातले वाक्य आहे.

त्या गुराख्या-मेंढपाळांचे पुढे काय झाले? ज्ञान त्यांचे, ग्रंथ दुसऱ्याचे. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या उपनयनाचा अधिकार तीन वर्णांना आहे. शूद्राला मंत्र वगळून शिकवावे असे 'काही जण' म्हणतात, एवढीच फट. आपल्या महाराष्ट्रात खांद्यावर झोळी टाकून जडीबुटी विकत गावोगाव फिरणारा वैदू भटक्या जमातीत मोडतो. ठाकर-कातकरी रानातून हिरडा आणि गुळवेल गोळा करून व्यापाऱ्याला विकतात. बाळंतपणे करणारी सुईण बहुतेक गावात आपल्याच वाड्यातली असायची; पिढ्यान्‌पिढ्या तिने ज्यांची नाळ कापली त्यांच्याच घरात बारशाला ती ओट्याखाली बसायची. यांच्यापैकी कोणालाही कोणी आयुर्वेदाचार्य म्हटले नाही.

आणि या माणसांच्या ज्ञानात काळजी होती, हे आपण विसरतो. माझी आजी बिब्ब्याला हाताला तेल चोळल्याशिवाय शिवत नसे. बिब्बा उततो हे पोरासोरांना माहीत असायचे. कोणाला सोसतो, कोणाला सोसत नाही, पोटुशीला द्यायचा नाही, याचे नियम होते. धोतऱ्याचे बी, बचनाग, कुचला, गुंज यांची भीती लहानपणापासून घातलेली असायची. ओळख, मात्रा आणि मनाई अशी तीन अंगे त्या ज्ञानाला होती. बाजाराने त्यातले औषध तेवढे उचलले, तिन्ही अंगे कापली आणि उरलेले बाटलीत भरले.

बौद्ध काळातला वैद्य समाजात कुठे उभा होता, याचा दगडात कोरलेला पुरावा आपल्या महाराष्ट्रात आहे. कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याचा दानलेख आहे. तो स्वतःला वाच्छीपुत्र म्हणवतो, म्हणजे आईचे नाव लावतो, आणि त्याच्या मुलाचे व मुलीचेही दानलेख तिथे आहेत. याच लेण्यात पैठणच्या मित्रदेव नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दान दिले आहे. वैद्य आणि गांधी शेजारी शेजारी. मनूच्या पंगतीत ज्याला जागा नव्हती त्याचे नाव विहाराच्या भिंतीवर दोन हजार वर्षे टिकले. त्याआधी अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचे कोरले होते, आणि औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचेही. राज्याने औषधाची जबाबदारी घेतल्याची ही नोंद इ.स.पू. तिसऱ्या शतकातली आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियानने पाटलीपुत्रात गरीब, अनाथ, अपंगांवर फुकट उपचार करणारी दवाखान्यासारखी घरे पाहिली. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथे सापडलेले बॉवर हस्तलिखित हे आपल्याकडच्या वैद्यकाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोथ्यांपैकी एक, तेही बौद्ध परिसरातलेच. वाग्भटाचा अष्टांगसंग्रह बुद्धवंदनेने सुरू होतो. असे बरेच सांगता येईल, पण अभिमानाची यादी करत बसण्यात मला रस नाही. कारण पाऱ्याच्या भस्मांची रसशास्त्राची परंपराही नागार्जुनाचेच नाव लावते. तो माध्यमिक तत्त्वज्ञ नागार्जुनच होता असे मानायला आधार नाही, पण नाव लावले गेले. वारसा सांगायचा तर पाऱ्याचाही सांगावा लागेल.

पाऱ्याचे काय झाले ते पाहू. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांत मिळणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी झाली, त्यात २०.७ टक्क्यांत हे धातू निघाले आणि रसौषधींत ते प्रमाण ४०.६ टक्के होते. भस्म नीट 'मारलेले' असेल तर बाधत नाही, हा दावा नेहमी केला जातो. नीट मारले आहे की नाही हे ग्राहकाने डबी उघडून कसे ओळखायचे, याचे उत्तर कोणी देत नाही.

मग वनौषधी बिनधोक का? नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका उपचारातल्या बायकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये कारण उघड झाले : गोळ्यांमध्ये एका चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच वनस्पती गेली होती. पुढे त्यातल्या काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्याच कुळातली आपल्याकडची वनस्पती म्हणजे सापसण, जिला ईश्वरीही म्हणतात आणि जी सापाच्या विषावर म्हणून रानोमाळ प्रसिद्ध आहे. कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे; त्यांचा अहवाल २०२१ मध्ये छापून आला. आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा म्हटले आणि वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल असा मुद्दा काढला. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. समजा मंत्रालयाचे खरे आहे, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल गेली असेल. मग जी वेल ओळखणे इतके अवघड आहे ती ओळखीशिवाय घ्यायला सांगण्याची जबाबदारी कोणाची? क्षयाच्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो आणि आपल्या वस्त्यांत क्षयरोगी किती आहेत हे आपल्याला माहीत आहे. त्यांना 'इम्युनिटीसाठी' काढा पाजणारे नातेवाईक मी रोज पाहते.

वनस्पतीचा मान राखण्याची दुसरी रीतही आपल्याच देशात घडली. सर्पगंधा वेडावर आणि झोप येण्यासाठी लोक पूर्वीपासून देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो हे नोंदवले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खानांच्या सन्मानार्थ त्याला अजमलीन नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळे झाले. काही वर्षांतच त्याने काहींना नैराश्य येते हेही नोंदवले गेले, आणि बरी औषधे मिळाल्यावर ते मागे पडले. परंपरेतले खरे निघालेले घेतले आणि त्याचा दोषही लपवला नाही. आजच्या अभिमानी मंडळींच्या तोंडी या कामाचा उल्लेख क्वचितच येतो. त्यात मुसलमान आणि पारशी नावे आहेत म्हणून असेल कदाचित.

कायद्याकडे वळू, कारण बाबासाहेबांच्या माणसाने शेवटी कायदाच बघायचा असतो. औषधांचा कायदा १९४० चा. आयुर्वेदिक औषधांसाठी त्यात वेगळे प्रकरण आले ते १९६४ च्या दुरुस्तीने. त्याला एक परिशिष्ट आहे, जुन्या ग्रंथांच्या यादीचे. औषध त्या ग्रंथांत असेल आणि त्यांतल्याच पद्धतीने, त्यांतल्याच कारणासाठी बनवले असेल, तर २०१० च्या नियमांनुसार सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. ग्रंथातला आधार हाच पुरावा. शब्दप्रामाण्य आणखी वेगळे काय असते? ग्रंथात आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हे केसपुत्तच्या कालामांना सांगितले गेले, त्याला अडीच हजार वर्षे झाली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या डॉक्टरांसाठी चरक शपथ पुढे केली. चरकाच्या मूळ शपथेत गाय आणि ब्राह्मण यांच्या कल्याणाची इच्छा धरायला सांगितली आहे, आणि राजाला नको असलेल्यांवर उपचार करू नयेत असेही. चरकातली शपथ उचलली, शेळ्या राखणाऱ्यांचा श्लोक उचलला नाही.

तरी कायद्यात कामाच्या गोष्टीही आहेत. 'ई-१' नावाची एक अनुसूची आहे, विषारी द्रव्यांची : बचनाग, कुचला, बिब्बा, धोतरा, जमालगोटा, कण्हेर, गुंज, भांग. यातले काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना लेबलावर ठळक छापणे बंधनकारक आहे, इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीत नाही. सप्लिमेंटच्या डब्यांवर वेगळाच परवाना असतो, खाद्यपदार्थांचा, आणि ते औषध म्हणून वापरण्यासाठी नाही असे त्यांच्यावर छापावे लागते; ते इतक्या बारीक अक्षरांत असते की वस्तीतल्या चष्मा नसलेल्या बाईला ते कधीच दिसत नाही. १९५४ चा जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा मधुमेह, रक्तदाब, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरातच मना करतो. म्हणजे शिवाजी पार्कवरचा तो फ्लेक्स या कायद्यात बसत नाही, आणि टीव्हीवरच्या जाहिरातीही बसत नव्हत्या. २०१८ मध्ये नियम १७० आणून आयुष औषधांच्या जाहिरातींना आधी मंजुरी सक्तीची केली गेली. पतंजलीच्या जाहिरातींवरून फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली, माफीनामे छापून आले. आणि तो खटला चालू असतानाच १ जुलै २०२४ ला मंत्रालयाने नियम १७० च वगळला. २७ ऑगस्टला न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण बंद झाले आणि स्थगितीही गेली. अशोकाने वनस्पती लावल्या, आपल्या राज्यकर्त्यांनी जाहिरातीवरचे कुंपण उपटले.

लोक तिकडे जातात का, हेही प्रामाणिकपणे विचारायला हवे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो; असला तर तीन मिनिटे देतो, आडनाव विचारतो, खेकसतो. खाजगीत बिलाने घर विकावे लागते. चूर्णवाला ताई म्हणतो, हात हातात घेतो, अर्धा तास ऐकून घेतो. आजारी भिक्खू आपल्याच मळात पडलेला आढळला तेव्हा बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले आणि संघाला सांगितले की माझी सेवा करायची असेल तर रुग्णाची करा. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याहून आजारी महार मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात नेले आणि त्याच प्लेगने त्या १० मार्चला गेल्या. त्यांनी त्याला डॉक्टरकडे नेले, हे मी मुद्दाम सांगते. बाबासाहेबांना मधुमेह होता. त्यांच्यावर मुंबईचे डॉ. मालवणकर उपचार करत, आणि तिथल्याच डॉ. शारदा कबीर पुढे माईसाहेब झाल्या. त्या घरात इन्सुलिन होते. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, त्यांच्याच आजारावर, पुराव्याशिवाय चूर्ण विकणाऱ्याला आपण 'आपला माणूस' म्हणून सोडायचे का?

वस्तीत आम्ही आता एवढेच करतो की डॉक्टरकडे जाताना घरात जे काही घेतले जाते ते सगळे पिशवीत घालून न्यायचे. काढा असो, पुडी असो, गोळी असो, लाजायचे नाही. मागच्या महिन्यात काकूंबरोबर गेले होते. त्यांनी टेबलावर पिशवी ओतली : गवती चहा, सुंठ, ज्येष्ठमधाच्या काड्या, गुळवेलीच्या गोळ्यांची बाटली, आणि कागदात बांधलेली एक साल. डॉक्टर तरुण मुलगी होती, नशिबाने ओरडली नाही. गवती चहा आणि सुंठ तिने परत पिशवीत टाकली. ज्येष्ठमध बाजूला काढला, काकूंना बीपीची गोळी चालू आहे आणि ज्येष्ठमधाने बीपी चढते म्हणून. गुळवेलीची बाटली बंद करायला सांगून यकृताची तपासणी लिहून दिली. मग साल हातात धरून विचारले, ही कशाची?

काकू म्हणाल्या, "ते देणाऱ्यालाच ठाऊक. जंगलातली आहे म्हणाला."

"मग त्यालाच विचारून या," डॉक्टर म्हणाली, "आणि तोवर खाऊ नका."